दहावा शब्द

भिंगार, ता. ७ सप्टेंबर १९४७

चि. एलोजी यास मिलकाचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले आहेत, पण रागाने लिहिले आहेत, हे आधी सांगून ठेवते. आठ वर्षांत मी तुला एक ओळ घातली नाही आणि यापुढेही घालणार नव्हते. माझ्या नणंदेशी तुझं ठरत आलेलं मोडलंस, कराचीची मुलगी केलीस, आणि लग्नाची पत्रिका मला पोस्टाने धाडलीस. पोस्टाने! आईमागे जिने तुला न्हाऊमाखू घातलं, तुझ्या नाकाचा शेंबूड पदराने पुसला, तिला! ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पण तुझे भाऊजी कॅम्पातल्या दवाखान्यातून रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन येतात आणि मोठ्याने वाचतात, आणि वाचताना माझ्याकडे मुळी बघत नाहीत. कंपाउंडर माणूस, बातमीही औषधाच्या चिठ्ठीसारखी वाचतात, पण परवा मध्येच थांबून कागदाची घडी घातली. म्हणाले, "सक्कर आता दुसऱ्या देशात गेलं, मिलका." मी म्हटलं, माझा भाऊ कसा जाईल दुसऱ्या देशात, तो तर सिंधमध्ये सक्करलाच रेल्वेच्या क्वार्टरात बसलाय, जागचा हललासुद्धा नसेल. घरबसल्या देश बदलावा तर तुझ्यासारख्याने.

तेव्हा आता ऐक. बायकोला घे, भांडीकुंडी विक, नाही विकली गेली तर टाकून दे, आणि कराचीवरून आगबोटीने मुंबईला ये. तिथून नगरची गाडी तुला ठाऊक आहे. आमच्या दोन खोल्या आहेत, त्यातली एक तुमची. तुझी बायको शिजवेल ते मी खाईन. एवढं लिहिलं म्हणजे माझी किती तयारी आहे ते समज.

उलट टपाली उत्तर हवं.

तुझी आक्का,
मिलका


भिंगार, ता. २३ नोव्हेंबर १९४७

चि. एलोजी,

चार पानी पत्र आलं. चारही पानं मी उलटीसुलटी करून पाहिली, त्यात यायचं नाव नाही. तू लिहितोस, "आक्का, आम्ही आता दहाच पुरुष उरलो. मी निघालो तर मशीद बंद पडेल."

मशीद कसली रे ती! पीरबक्षाच्या वखारीवरची माळ्याची खोली, लाकडाचा भुसा वरपर्यंत येतो, असं तूच लिहिलं आहेस. आपल्या बायका सिनेगॉगला मशीदच म्हणत आल्या म्हणून मीही म्हणते, नाहीतर त्या खोलीला कुणी तसं म्हणणार नाही. तो पीरबक्ष चांगला माणूस आहे, भाडं मागत नाही, तू तापाने पडलास तेव्हा दिव्यात तेल त्याने घातलं, हे सगळं वाचलं. त्याचं भलं होवो. पण शुक्रवारी दिवा लावताना तुम्ही खिडकीवर कांबळं टाकता, हेही त्याच पत्रात आहे. कालपर्यंत टाकत होतात का? मग?

बाबांची आठवण काढून मला गप्प करायला बघतोस. रेवदंड्याला बाबा हज्जान होते, प्रार्थना तेच चालवायचे, दहा पुरुष जमल्याशिवाय त्यांनी कधी गेलेल्या माणसासाठीचा कद्दिश म्हटला नाही, हे मला तू सांगतोस? मी बायकांच्या पडद्याआडून सगळं बघत होते. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, बरकत जाते, नारळ मोजा, कोंबड्या मोजा, असं बाबा म्हणायचे. आणि मग दाविदाच्या स्तोत्रातली ती दहा शब्दांची ओळ म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचे. तुझ्या लोकांना तार, त्यांना सांभाळ, त्यांना उचलून घे. शेवटचे दोन शब्द अद हाओलाम. हिब्रूत 'पर्यंत' आधी येतं, 'सदासर्वकाळ' मागाहून. ओळ पुरी झाली की बाबांचा चेहरा खुलायचा.

तू तेरा वर्षांचा झालास त्या शनिवारी, शब्बाथला, पहिल्यांदा तो शेवटचा शब्द तुझ्यावर आला. सगळ्यांत लहान म्हणून तू टोकाला उभा, बाबांची टोपी कानांपर्यंत उतरलेली. तेव्हापासून तो शब्द तुझाच. अजूनही चुलीपुढे बसून मी ती ओळ पुटपुटले की शेवटी तू उभा असतोस, टोपी सावरत.

म्हणून सांगते, तुझ्यापेक्षा मला ते दहाचं जास्त कळतं. पण इकडे भिंगारात आम्ही चारदोन घरं, सणावाराला पुण्याला जातो, एरवी घरीच शेमाची प्रार्थना म्हणतो, आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही. तूही इथे तसंच कर. तुझ्या जिवापेक्षा ती ओळ मोठी नाही.

तुझ्या बायकोने खाली चार ओळी लिहिल्या आहेत. "वन्सं, हे रात्री तुमचं नाव घेतात." अक्षर बरं आहे. बाकी मला काही म्हणायचं नाही.

मिलका


भिंगार, ता. १ मार्च १९४८

चि. एलोजी,

नगरात सिंधी निर्वासितांचे लोंढे आले आहेत. त्यातला एकजण खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून आमच्या गल्लीत येतो. मी सहज विचारलं, कुठले? म्हणाला, सक्कर. माझ्या हातातलं सूपच खाली पडलं. तांदूळ सांडले ते सांडले, मी त्याला आधी पाणी दिलं. तुमच्या गावचा मोठा पूल, नदीतलं बेट, सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. तुला ओळखत नाही. रेल्वेचे ते यहुदी लोक ऐकून माहीत होते, म्हणाला. जाताना घुटमळला आणि म्हणाला, "दीदी, भावाला लिहा, घंटाघराजवळ माझं घर आहे, दारात लिंब आहे, तो लिंब आहे का तेवढं बघायला सांगा." तर बघ आणि कळव. बिचारा रोज विचारतो.

इकडेही फार काही साजरं नाही, खोटं कशाला बोलू. आमच्या समोरचा शिंपी, तू इथे आला होतास तेव्हा ज्याने तुझा तो पांढरा कोट शिवला, तो बायकापोरं घेऊन कराचीला गेला. पिढ्यान्‌पिढ्या भिंगारात राहिलेली माणसं. जाताना शिलाईचं यंत्र आमच्याकडे ठेवून गेला, परत येईन म्हणाला. मी त्यावर चादर टाकून ठेवली आहे. म्हणजे तो तिकडे जातो, कापडवाला इकडे येतो, आणि तू मात्र गोचिडासारखा चिकटून बसला आहेस.

आता मुद्द्याचं. मी मुसाजींना पत्र टाकलं आहे. होय, तुमच्या दहातल्याच मुसाजींना. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. त्यांची लेक दीना आमच्या पलीकडच्याच लाइनीत राहते आणि तिला आठवा लागला आहे. मी लिहिलं, मुसाजी, पहिला नातू होईल, सुंतेला आईचा बाप मांडीवर घ्यायला नको का? आणि तुमचं वय झालं, नंतर कोण प्रवास करतो? दीनाकडूनही खाली लिहून घेतलं. रडत रडत लिहिलं तिने, मला सांगावंही लागलं नाही.

दहातला एक निघाला की तू सुटलास. मग बघते कोणती मशीद तुला धरून ठेवते.

मिलका


भिंगार, ता. ९ मे १९४८

चि. एलोजी,

मुसाजी पेसाहच्या सणाआधी पोचले! म्हातारा वाळून काटकी झाला आहे, पण आवाज तोच खणखणीत. दीनाला मुलगा झाला. सुंता झाली, मुसाजींनी मांडीवर घेतलं, नातू एकदा रडला आणि आजोबा तीनदा. पुण्याहून हज्जान आले होते. आमच्या दारची गोजरबाई, दूध घालणारी, ती पण दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, पोरगं लई गुणाचं हाय, आजा बगा की कसा रडतोय!"

तुझ्या बायकोने, सिपोराने, मुसाजींबरोबर माझ्यासाठी रल्ली पाठवली. जुन्या चिंध्यांची गोधडीच ती, पण काय तुकडे जोडलेत, काय टाके घातलेत! मी उलटी करून बघितली, दोष काढायचाच म्हणून बघितली. सापडला नाही. सांग तिला.

आणि तुमचे आता नऊ राहिले. ओळ मोडली. मुसाजी म्हणतात, "नव्याच्या सणाआधी, नवं वर्ष लागायच्या आत, मी परत जाणार, एलोजीला शब्द देऊन आलोय, त्याच्याच भरवशावर सगळ्यांनी मला सोडलं." मी हसले. दीना कुठली सोडते त्यांना! नातवाच्या मुठीत दाढी अडकली आहे म्हाताऱ्याची.

म्हणजे आता तू मोकळा. नऊजण बसून काय करणार, पत्ते खेळणार? राजीनामा दे आणि नीघ. मी तुमची खोली सारवून घेतली. पावसाच्या आधी या, मागच्या भिंतीला तेव्हा ओल येते.

वाट बघते.

मिलका


भिंगार, ता. २० जून १९४८

चि. एलोजी,

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस माझा चुलीवरचा भात करपला. तुझे भाऊजी म्हणाले, आमच्या घरात असं पहिल्यांदा घडलं.

तू रागावला आहेस. "आक्का, मुसाजींना तू बोलावून घेतलंस, आमचं काय झालं ते बघ," असं लिहितोस. लिही. माझ्यावर रागावायचा तुला हक्क आहे, मी आठ वर्षं वापरला, तू आठ महिने वापर. पण तिकडे यरुशलेमकडे लढाई पेटली आणि सक्करच्या बाजारात लोक तुमच्याकडे वळून बघायला लागले, हे तर माझ्यामुळे झालं नाही ना? त्या देशात आपलं कोण आहे? आपण पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारी माणसं. पण हे बाजारात कुणाला सांगणार.

पीरबक्ष रात्री येऊन म्हणाला, दाराबाहेरचा मेझूझा, ती देवाच्या वचनाची नळी, काढून आत लावा, शोफारचं शिंग फुंकू नका, मी आहे तोवर जिन्यावर कुणी चढणार नाही. आणि मग म्हणाला, पण माझी पोरं मला विचारतात. त्या माणसाची काय स्थिती असेल, ते मला इथे बसून कळतं. मेझूझा आत लावलात तेच बरं केलं. देव दाराच्या आतूनही बघतो.

राहिलं सिपोराचं. महिना झाला ताप उतरत नाही आणि तू हे पत्राच्या शेवटी, शाई संपत आल्यासारखं लिहितोस? तिला डॉक्टरांनी प्रवास करू नको सांगितलं, म्हणून तुझा राजीनामा खिशातच राहिला, हे आधी लिहायला काय झालं होतं? मी तुला इकडून शिव्या घालत होते आणि तू तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतास. तुझे भाऊजी म्हणतात, विषमज्वर असणार, पातळ पेज द्या, पाणी उकळून द्या, घन काही नको. त्यांनी कागदावर सगळं लिहून दिलं आहे, सोबत आहे.

मी एलियाहू हन्नाबीला नवस बोलले आहे. तुझ्या वेळी आई बोलली होती, तू जगलास म्हणून तुझं नाव एलोजी. गुरुवारी मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं. मुसाजींनी प्रार्थना म्हटली.  नंतर ओट्यावर बसून राहिले आणि मला म्हणाले, "मिलका, मी येताना ती बिछान्यावरून उठून जिन्यापर्यंत आली होती. तेव्हाच तिच्या अंगात कणकण होती." त्यांनी मला हे आजवर सांगितलं नव्हतं.

सिपोराला सांग, वन्सं बोलावते. असंच सांग, याच शब्दांत.

मिलका


भिंगार, ता. ८ ऑगस्ट १९४८

एलोजी, माझ्या बाळा,

सिपोरा गेली, हे तीन आठवडे मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी तिला पेज कशी द्यायची ते लिहीत होते. गेल्या आठवड्यात डाक आली तेव्हा मी कैरीचं लोणचं बरणीत भरत होते, आंबट लोणचं तिला आवडतं असं मुसाजी म्हणाले म्हणून. रंगनाथ पोस्टमनने पत्र हातात दिलं. वरचं अक्षर तुझं, आणि खाली तिच्या चार ओळी नाहीत. उघडायच्या आधीच कळलं मला.

मी तिला एकदाही पाहिलं नाही रे. तिचं तोंड कसं होतं? मुसाजींना विचारलं तर म्हणतात, गोरीशी, हसरी. एवढ्यावरून कुणाचं तोंड डोळ्यापुढे येतं का? माझा राग आठ वर्षं पुरला, आणि माया करायला आठ महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

तुझ्या पत्रात रडणं नाही, तक्रार नाही. एकच ओळ आहे, "आक्का, नऊजण होतो, कद्दिश झाला नाही." ती वाचून मी भिंतीला डोकं आपटलं. मूलबाळ नाही तिला, तू कद्दिश म्हटला नाहीस तर तिच्यासाठी दुसरं कोण म्हणणार? पीरबक्ष कबरस्तानापर्यंत आला, त्याने माती दिली, तो उभा राहिला, पण त्याला धरता येत नाही. त्याचं मनुष्यपण कमी म्हणून नाही, आपला नियम तसा. नियमच आता माझ्या छातीवर बसला आहे. दहावा माणूस इथे माझ्या ओट्यावर बसून नातवाला खेळवतो आहे आणि त्याला मी आणलं. हे करायला गेले कशासाठी आणि झालं काय!

मुसाजींना सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मुंबईला निघाले, सक्करला परत जातो म्हणून. तिथे कचेरीत सांगितलं, आजोबा, जुलैपासून परवाने सुरू झालेत, गेलात तर परत इकडे यायचं काही सांगता येत नाही. दीनाचा नवरा मागोमाग गेला आणि त्यांना धरून घेऊन आला. दीनाने मूल त्यांच्या पायावर ठेवलं. आता ते दिवसभर विहिरीकडे तोंड करून बसतात.

आणि तू लिहितोस की तूही आता यायला निघालास, तर तुझाच परवाना अडला. कचेरीतल्या माणसाने विचारलं, हिंदू? नाही. शीख? नाही. मुसलमान? नाही. मग कोण? तू म्हणालास, बने इस्राएल. त्याने लेखणी खाली ठेवली आणि म्हणाला, वर विचारून सांगतो, महिन्याने या. एलोजी, हवा होतास तेव्हा येत नव्हतास, आणि आता येतो म्हणतोस तर येऊ देत नाहीत.

गोजरबाई आज दूध घालायला आली, मी रडत होते. सगळं सांगितलं. ती चरवी खाली ठेवून म्हणाली, "तुमच्यात दहा मानसं लागत्यात व्हय? मग माज्या घरातली घ्या की. चार ल्योक हायती, नवरा हाय. आंगूळ करून येतील, काय म्हनायचं ते म्हनतील. आमची चालत न्हाईत का?" मी तिच्या गळ्यात पडले. काय सांगू तिला?

पण तिच्या बोलण्यावरून एक सुचलं. तिकडे होत नाही तर इकडे करू. मी दहाजण जमवते. दारफळणीच्या सणाला, उपासाच्या त्या मोठ्या दिवशी, तुझ्या बायकोच्या नावाने माझ्या घरात कद्दिश होईल. मुसाजी म्हणतील, तुझ्या वतीने. तू काही करू नकोस, नुसता वेळेवर जेवत जा.

तुझी आक्का


भिंगार, ता. २६ सप्टेंबर १९४८

चि. एलोजी,

मी काय पायपीट केली म्हणून सांगू! पावसात, चिखलात, तुझे भाऊजी छत्री धरून मागे. पुण्याचे लोक सणाला आपलं सिनेगॉग सोडून कसे येणार? तेव्हा म्हटलं, नगर जिल्ह्यात जिथे जिथे आपलं माणूस आहे तिथून वेचून आणीन.

भंडारदऱ्याला धरणावर आपले एक ओव्हरसियर आहेत, एकटेच राहतात, त्यांना पत्र टाकलं. त्यांनी उलट लिहिलं, बाई, सात वर्षांत मला कुणी प्रार्थनेला बोलावलं नव्हतं, पोहत यावं लागलं तरी येतो. कोल्हारला गुरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः गेले. ते गाईच्या कोठ्यात होते, तिथूनच हो म्हणाले. पलटणीत आपले दोघे आहेत, त्यांचा भरवसा नव्हता. हैदराबादेकडे सैन्य गेलं होतं ना, पण ते दोघेही धडधाकट परत आले.

काल रात्री जात्यापाशी बसून मी ओळ म्हटली. आकड्यांनी मोजायचं नाही, बाबांची शिकवण. होशिया, तुझे भाऊजी. एत, मुसाजी. अमेखा, दीनाचा नवरा. उबारेख, नगर स्टेशनावरचे तिकीट मास्तर. पुन्हा एत, त्यांचा थोरला मुलगा. नहलातेखा, ओव्हरसियर. उरएम आणि वेनस्सेएम, पलटणीतले दोघे. अद, कोल्हारचे डॉक्टर. हाओलाम. संपली ओळ! एलोजी, संपली! मी दोनदा, तीनदा म्हणून बघितली, दर वेळी शेवटापर्यंत पोचले.

मुसाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी विहिरीकडे पाठ फिरवली आणि पहिल्यांदा नीट जेवले. पांढरे कपडे नीळ घालून वाळत टाकले आहेत. गोजरबाईने सांगितलंय, त्या दिवशी दूध नको तर नको, पण आदल्या दिवशी ती अंगण सारवून जाणार. "तुमच्या भावजईचं काम हाय," म्हणाली.

परवान्याचं काय झालं? कापडवाला विचारतो, लिंबाचं काय झालं? दोन्ही कळव.

मिलका


भिंगार, ता. १५ ऑक्टोबर १९४८

एलोजी,

सण झाला. कसा झाला ते लिहायला बसले आहे. काल सणाचा दुसरा दिवस, शिळा सण होता म्हणून लिहिलं नाही.

तुला आपली ती समजूत आठवते ना, दारफळणीच्या आदल्या संध्याकाळी गेलेली माणसं घरी येतात आणि शिळ्या सणाला निरोप घेऊन जातात. मला काळजी पडली, सिपोरा या घरात कधी आलीच नाही, तिला दार कसं सापडणार? म्हणून तिची रल्ली दाराबाहेर दोरीवर टाकली. तिचेच टाके, तिला ओळखू येतील. पाऊस नव्हता, रल्ली वाऱ्यावर हलत होती. मला फार बरं वाटलं.

माणसं आली. एकेक आलं की मी मनात शब्द ठेवत होते. ओव्हरसियर सगळ्यांत शेवटी आले, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वहाणा, पांढरे कपडे पिशवीत. मी म्हटलं, चला, पूर्ण झालं. दार लावून घेतलं. मी आणि दीना आतल्या खोलीत पडद्यामागे बसलो, मूल झोपलं होतं. मुसाजी उभे राहिले. त्यांनी बाबांसारखीच ओळ सुरू केली, सावकाश, एकेकाकडे बघत. उरएम. वेनस्सेएम. अद.

आणि थांबले. हात तसाच वर. त्यांनी दाराकडे बघितलं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. तुझे भाऊजी पडद्याशी येऊन हळूच म्हणाले, "मिलका, कोण यायचं राहिलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही, सगळे आलेत, मी तीनदा मोजले." मुसाजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अदवर थांबले.

तेव्हा मला कळलं, मी कुणाला मोजत होते.

शेवटच्या शब्दावर मी तुला धरत होते. जात्यापाशी बसून तीनदा म्हटली ती ओळ, तिन्ही वेळा शेवटी तू उभा होतास, बाबांची टोपी घातलेला, आणि मला एकदाही वाटलं नाही की हा तर इथे नाही. आकड्यांनी मोजले असते तर लहान पोरालाही कळलं असतं. मी आकड्यांनी मोजले नाहीत. जिल्हाभर चिखल तुडवला, भंडारदऱ्यापासून माणूस आणला, आणि नऊजण गोळा केले.

त्या वेळी कुठून आणणार होते दुसरा? दार लागलेलं, रात्र पडलेली, पुण्याची गाडी गेलेली. मी पडदा बाजूला करून बाहेर आले. मुसाजींना म्हटलं, "मला धरा. मला सगळा पाठ आहे, बाबांच्या तोंडून ऐकलेला, एक अक्षर चुकणार नाही." मुसाजी रडायला लागले. म्हणाले, "मला ठाऊक आहे पोरी, तुला माझ्याहून चांगला येतो. पण नाही धरता येत."  ओव्हरसियर चिखलाच्या पायांकडे बघत होते. मी परत आत गेले.

एकट्याने म्हणता येतात त्या सगळ्या प्रार्थना त्यांनी म्हटल्या. रात्रभर आणि दुसरा दिवसभर. कुणी पाणी प्यायलं नाही, कुणी लवकर उठून गेलं नाही. कद्दिशाची जागा आली की सगळे गप्प उभे राहायचे आणि मग पुढे जायचे. ती गप्प जागा पडद्याआडून ऐकणं फार कठीण होतं. संध्याकाळी दार उघडलं तर गोजरबाई ओट्याच्या पायरीशी बसलेली. तिने विचारलं, "झालं का वो नीट?" मी म्हटलं, "व्हय, झालं." तिला खोटं सांगितलं.

तिकडे तुम्ही नऊ, इकडे आम्ही नऊ. मुसाजी तिकडे असते तरी झालं असतं, तू इकडे असतास तरी झालं असतं. मी एक माणूस तिकडचा इकडे केला आणि दोन्हीकडची ओळ मोडली. याच्यावर काय करायचं, मला कळत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, पुढच्या वर्षी पुण्याला जाऊ, तिथे म्हणून घेऊ. जाऊ. पण वर्षभर सिपोरा तशीच, कद्दिशावाचून राहणार ना?

काल शिळ्या सणाला रल्ली दोरीवरून काढली. लगेच घडी करवेना. खांद्यावर टाकून तशीच बराच वेळ ओट्यावर बसले. गेली असेल ती परत. रिकाम्या हातानेच गेली.

तुझा परवाना आणखी दोन महिने लांबला, हे पत्र आजच पोचलं. आणि लिंब तोडला, तेही. कापडवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही. आहे म्हणून सांगेन.

एक कर. पीरबक्षाच्या माळ्यावर जा, दिवा लाव, कांबळं टाकायचं असेल तर टाक. आमची ओळ अजून अदवर, त्या 'पर्यंत'वरच थांबली आहे, मुसाजींचा हात तसाच वर आहे. तेवढा शेवटचा शब्द तू तिकडून मोठ्याने म्हण. धरला जाणार नाही, मला ठाऊक आहे. तरी म्हण.

तुझी आक्का,
मिलका